हक्काच्या पाण्यात बुडालेला कांदा

आपल्या पाळीचं पाणी शिल्लक असताना तुम्ही कधी विहिरीवरची मोटार बंद केलीय? खरं सांगा.

मी केली नव्हती. मी पत्रकांवर वाढलेला माणूस. वडील शिरूरच्या बाजारात शेतकऱ्यांच्या हक्कांची पत्रकं वाटायचे, उरलेल्यांवर आई पापड वाळत घालायची. बाराखडीआधी मी 'हक्क' वाचायला शिकलो. आमच्या पापडांनाही शाईचा वास यायचा.

मांडवगणच्या शिवारात आमची आणि चुलत्यांची विहीर एकच. तीन दिवस पाणी आमचं, तीन दिवस त्यांचं. आई मात्र दोन दिवसांतच मोटार बंद करून बांधावरून चुलतीला हाक मारायची, "आमचं भिजलं, जाऊबाई. तुमी घ्या." मला संताप यायचा.

दोन वर्षांपूर्वी मी रांजणगावच्या कंपनीतून सुट्टी काढून आलो होतो. कांदा काढणीला आलेला. त्याच्या पैशात आई स्वयंपाकघराला फरशी घालणार होती. दौंडला मावशीकडे लग्नाला निघताना ती म्हणाली, "कांद्याच्या माना पडल्यात, पोसून झालाय त्यो. आता पानी न्हाई द्यायचं. पाळी काकूला दे."

"आपला हक्क आहे, आई."

"कांद्याला हक्क कळतो व्हय रं?"

तिची एसटी हलली आणि मी मोटार चालू केली. दुसऱ्या दिवशी चुलती बांधावर आली. तिची काकडी सुकायला लागली होती.

"पोरा, वाफ्यात बदकं पोहतील की रं."

"काकू, पाळी आमची आहे."

"आसू दे की. पाळी तुमची, कांदाबी तुमचाच." ती गेली. मला वाटलं, जिंकलो. पत्रकाचा मथळासुद्धा सुचला होता.

आई परतली ती थेट वाफ्यात उतरली. एक कांदा उपटून तिनं मान दाबली, तर पाणी निघालं. असा कांदा साठवणीत टिकत नाही. "पुढारी, तुमची सभा आता चाळीत भरंल."

भरली. आषाढात कांद्याच्या चाळीतून असा वास सुटला की पाहुणे अंगणातूनच परत फिरले. आम्ही मायलेक सडका माल निवडत बसलो. शेवटी दोन गोण्या उरल्या.

"घरापुरता हाय. बास झालं."

"आणि फरशी?"

"सारवल्याल्या भुईवर बसून भाकर घशाखाली उतरत न्हाई व्हय?"

मला तिचं हे समाधान अजिबात झेपलं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यात सुकण्यातून वाचलेल्या वेलांवरच्या तीन वाकड्या काकड्या चुलतीनं पाठवल्या.

हक्क मी सोडलेला नाही. पाणी पळवणाऱ्याशी आजही भांडतो, पत्रकंही काढतो. पण चुलतीनं आमचं काय पळवलं होतं? यंदा माना पडलेल्या दिसल्या आणि दीड दिवस बाकी असताना मीच मोटार बंद केली. आवाज थांबला तसे लिंबावरचे होले घुमताना ऐकू आले. विहिरीत पाणी होतं आणि मला ते नको होतं. इतकं श्रीमंत मला बोनसच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मी ओरडलो, "काकू, आमचं भिजलं!"

काकू खुरपं टाकून बांधापाशी आली. "ताप न्हाई ना रं आला?"

तुमचं रान भिजलं असेल, तर पाळी संपायची वाट बघू नका. आजच मोटार बंद करा आणि बांधापलीकडे हाक मारा. कुणी ताप बघायला आलंच, तर येऊ द्या.