टेपराणी आणि भट्टीवाली

आमच्या प्रयोगशाळेत माझ्या धाकट्या जावेला सगळे टेपराणी म्हणतात. मी भट्टी सांभाळते. भट्टीवालीला कोण लाडाचं नाव ठेवणार?

तिचं काम काय, तर चिकटपट्टी. पेन्सिलीत असतं तसलं ग्रॅफाइट टेपवर चिकटवायचं, टेप दुमडायची, सोलायची, पुन्हा दुमडायची, पुन्हा सोलायची. शेवटी उरतो तो थर एका अणूएवढा जाड. सिलिकॉनच्या चकतीवर दाबला की सूक्ष्मदर्शकाखाली फिकट जांभळा दिसतो. ती सोलायला बसली की सर खुर्ची ओढून बघत राहतात. माझ्या भट्टीकडे फक्त वीजबिल आलं की बघतात. घरीही तेच. सासूबाईंना तिने चिरलेली भाजीसुद्धा नाजूक दिसते. माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि का होऊ नये?

यंदा आमच्यापैकी एकीचीच जागा कायम होणार होती. गॅसगळती ओळखणारं यंत्र बनवायचं होतं आणि त्याला याच थराचा तळहाताएवढा सलग पापुद्रा हवा होता. मी मनातल्या मनात हसले. टेपराणीचे तुकडे धुळीच्या कणाएवढे. माझ्या भट्टीत तांब्याचा पत्रा लालबुंद तापवून मिथेन वायू सोडला की पत्राभर कार्बनचा एकच थर बसतो. पुढेमागे घडी घालता येणारे फोनचे पडदे करायचे तरी असलाच लागणार. थरावर प्लॅस्टिकचा पातळ लेप द्यायचा, खालचं तांबं रसायनात विरघळवायचं, की पापुद्रा सुटून तरंगतो. मग तो साध्या पाण्यात घेऊन चकतीवर अलगद उचलला की झालं.

हे अलगद काही माझ्या नशिबात नाही. सरांसमोर पहिला पापुद्रा चुरगळला. दुसरा फाटला. शेवटचा पाण्यावर होता आणि मी चकती पुढे करून पुन्हा मागे घेत होते.

"ताई, द्या इकडे," धाकटी म्हणाली.

"कशाला? तुझं काम नाही ते."

"माहितेय."

तिने चकती पाण्यात तिरकी घातली, पापुद्र्याची कड टेकेपर्यंत थांबली आणि सावकाश वर घेतली. एक सुरकुती नाही. तो पापुद्रा बसवल्यावर यंत्राने गॅस लगेच ओळखला. सरांनी भट्टीची जागा कायम केली आणि टेपचं काम बंद. पापुद्रा उचलताना तिला हे कळत नव्हतं असं मुळीच नाही.

घरी सासूबाई दारातच उभ्या. "कुणाला मिळाली?"

"ताईंना," धाकटी चपला काढत म्हणाली. "पापुद्रा त्यांचाच होता."

सासूबाईंनी पहिल्यांदाच माझ्या पाठीवरून हात फिरवला. पापुद्रा उचलला कुणी, याबद्दल धाकटीने चकार शब्द काढला नाही, आणि मीही नाही. नोकरी माझी झाली. पण खरं सांगते, त्या वेळी मी तिच्यावर जितकी जळले, तितकी आधी कधीच जळले नव्हते.