ओलं लुगडं

तपासणीला आलेल्या साहेबांनी उंबऱ्यातच नाकाला रुमाल लावला. आई खाटेवर होती. तिच्या अंगाखालचं सगळं ओलं होतं. घाण होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमच्या वाडीत असंच असतं का हो? सरकारने किती दिलं तरी राहणी काही सुधारत नाही."

आणि नाकावरचा रुमाल तसाच धरून दुसऱ्या हाताने कागदावर लिहायला लागले.

वाडी म्हणजे बौद्धवाडी. खेडपासून आत, एसटी वळते त्याच्याही पुढे. आईला दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवं अंग गेलं. भाऊ मुंबईला, त्याचा फोन येतो. मी काजूच्या कारखान्यात होते, ते काम सोडलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी सरकार घरी मदतनीस देतं, असं ग्रामपंचायतीत कळलं. अट एकच, माणूस पूर्ण परावलंबी हवा. मदतनीस आला असता तर मी कामावर परत गेले असते. आईच्या पाठीला पडलेली जखम कुणा जाणत्या माणसाने रोज बघितली असती. मला एवढंच पाहिजे होतं.

हेच साहेब आधी एकदा येऊन गेले होते. तेव्हा आम्ही वेगळी माती खाल्ली.

शाळेत मास्तर पोरांची नखं बघायचे. फक्त आमच्या रांगेची. बाकीच्या रांगा बसून बघायच्या. म्हणून आई मला घरातून सोडताना दहाही बोटं तपासायची, कान पिरगाळून आत बघायची. आमच्या घरात बाहेरचं माणूस येणार म्हटलं की आधी झाडू हातात येतो. कुणी घाणेरडं म्हणू नये, या भीतीत आईची उभी हयात गेली.

तर पहिल्या तपासणीला मी पहाटे उठून जमीन सारवली. आईला आंघोळ घातली, केसांना तेल लावलं, चौदा एप्रिलला नेसायची ती पांढरी साडी नेसवली. पाठीमागे उशा लावून बसवलं. भांडं, रबरी कापड, चिंध्या, सगळं मागच्या दारी लपवलं. अगरबत्ती लावली. साहेब आले तर आईने डावा हात उचलून जय भीम केला आणि मला म्हणाली, "साहेबाला च्या कर."

साहेबांनी विचारलं, "आजी, हाताने जेवता का?"

"जेवत्ये की."

"संडासला?"

"जात्ये की. धरून धरून."

लकवा मारल्यापासून मीच तिला भरवत होते. ती खाटेवरून एकदाही उतरली नव्हती. परक्यासमोर ती लाजली आणि खोटं बोलली, आणि मी चहाची कपबशी धरून गप्प उभी राहिले. मलाही बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. आई चारचौघांसारखी दिसत होती. महिन्याने कागद आला. अपात्र.

कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा एक जण बसतो. तो कागद बघून हसला. "ताई, एवढं आवरता कशाला? साहेबाला दिसायला पाहिजे. पुढच्या वेळी काही आवरू नका. बघा कसं पास होतं."

मी त्याचं ऐकलं.

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी सकाळी सातला आईने हाक मारली. "बाय, लुगडा बदल गो. ओला झालाय." मी चुलीपाशी होते. म्हटलं, "थांब जरा." आठला पुन्हा हाक. मी भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा घासली. नऊला तिने हाक मारली तेव्हा आवाज बारीक झाला होता. त्यानंतर तिने हाक मारली नाही. साहेब साडेअकराला आले.

आणि ते लिहीत होते. पात्र. मला कागद दिसत होता. माझं काम झालं होतं. त्यांनी आईला एकही प्रश्न विचारला नव्हता. वास आला, तेवढ्यावर त्यांचं भागलं.

तेवढ्यात आई बोलली. जीभ जड झालीय तिची, पण शब्द नीट आले.

"साहेब, माजी पोर रोज धुत्ये मना. ती तशी नाय. आजच काय झाला ता..."

ती माझी बाजू घेत होती. त्या ओल्यात पडून. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मी म्हटलं, "साहेब, पेन ठेवा. आज मी हिला मुद्दाम असं ठेवलंय, तुमच्या कागदासाठी. आमची राहणी अशी नाही. आता तुम्ही पडवीत बसा, घड्याळ लावा. मी हिला धुते. किती वेळ लागतो ते बघा, मग आत या, काय विचारायचं ते विचारा, आणि तेच लिहा."

"अहो, पास केलंय की."

"ह्या वासावर नको."

"मला अजून दोन घरं आहेत," म्हणाले. लिहिलेल्यावर काट मारली, फाईल काखेत घातली, गेले.

आईला धुवायला पाऊण तास लागला. जखम लाल झाली होती. मी कोरडं लुगडं नेसवत होते तेव्हा तिने विचारलं, "मी हाका मारल्या त्या तुला आयकू आल्या व्हत्या?"

"हो," म्हटलं.

तिने तोंड भिंतीकडे केलं. दोन दिवस माझ्या हातून घास घेतला, पण बोलली नाही. मी माफी मागितली नाही. कुठल्या तोंडाने मागणार?

तिसरा अर्ज मी स्वतःच्या अक्षरात लिहिलाय. आईला कूस कितीदा बदलावी लागते, जेवायला किती वेळ लागतो, जखम केवढी आहे, सगळं आहे त्यात. आईला सांगितलंय, या वेळी उजवा हात उचलत नाही तर नाही म्हणायचं. ती गप्प राहिली तर मी बोलेन. ती पांढऱ्या साडीत असेल, जमीन सारवलेली असेल, आणि भांडं खाटेखाली दिसेल असं ठेवलेलं असेल. तरी अपात्र म्हणाले तर चौथा अर्ज करीन.

अर्जाच्या शेवटी एक परिच्छेद आहे. कचेरीबाहेरच्या त्या लिहून देणाऱ्याने तो वाचला आणि म्हणाला, हा काढा, उगाच अंगाशी येईल. मी काढला नाही. त्यात लिहिलंय की मागच्या तपासणीच्या दिवशी सकाळी सात ते साडेअकरा मी माझ्या आईला तिने तीनदा सांगूनही ओल्यात ठेवलं, कारण तिला स्वच्छ ठेवलं तेव्हा तुम्ही तिला अपात्र ठरवलंत. त्याच्याखाली मी सही केली आहे.