वरची तान कोणाची

आमची एकूण चार गाणी निघाली. त्यातलं एक चाललं. तेवढ्यावर लोक आम्हाला दोन वर्षं ओळखत होते. आता कोणी ओळखलंच, तर मला हो म्हणायचाही कंटाळा येतो.

गेल्या वर्षी तसंच झालं. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. सरकत्या पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं येतात. एखादा कप्पा रिकामा दिसला की ते पाकीट बाजूला काढायचं, आणि हे आठ तास उभ्याने. जेवणाच्या सुट्टीत बिहारकडची एक नवी मुलगी मोबाईल घेऊन माझ्याजवळ आली.

"दीदी, ये आप हो ना?"

मीच होते. हिरवं लुगडं नेसून, अंबाड्यात वेणी माळून, सातपाटीच्या बंदरात एका बोटीवर उभी होते. तोंड हे एवढं उघडलेलं.

"हो," मी म्हटलं.

"कितना ऊपर गाती हो आप," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली.

तो आवाज माझा नाही, हे तिला सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण पाय भरून आले होते, सुट्टी संपायला पाच मिनिटं उरली होती. मी डबा बंद केला आणि हात धुवायला गेले. नंतर दिवसभर पाकिटं बघताना तेच मनात घोळत राहिलं.

आम्ही तिघी होतो. मी सातपाटीची. वडील बोटीवर जायचे, आई पालघरच्या बाजारात मासे विकायची, अजूनही विकते. दुसरी माझी चुलतबहीण, आमच्या शेजारच्याच घरातली. तिसरी वाणगावच्या पुढे एका पाड्यावरची, पालघरच्या कॉलेजात माझ्या वर्गातली. तिच्या घरची पावसाळ्यात स्वतःच्या तुकड्यावर भात लावायची आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची. ती सरकारी वसतिगृहात राहून शिकत होती. वर्गात फारसं बोलायची नाही. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो वसतिगृहाच्या नळावर, कपडे पिळताना. मीच तिला स्नेहसंमेलनाच्या गाण्यात घेतलं.

त्या संमेलनाला बोईसरहून साउंडवाले दादा आले होते. त्यांनी आमचं गाणं ऐकून विचारलं, "रेकॉर्डिंग करता का? माझा स्टुडिओ आहे."

स्टुडिओ म्हणजे मोबाईलच्या दुकानावरची एक खोली. भिंतींना गादीचा फोम चिकटवलेला, खिडकी खिळे मारून बंद केलेली. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद ठेवावा लागे, कारण त्याची घरघर माइकमध्ये यायची. तरी मालगाडी गेली की सगळा टेक वाया. घामाने कपडे अंगाला चिकटायचे आणि तीच ओळ वीस वेळा म्हणायची. पहिलं गाणं हळदीचं होतं. त्याला दोन रविवार गेले. दादांनी ते आपल्या चॅनलवर टाकलं. ते आमच्या आळीने ऐकलं, वसतिगृहाने ऐकलं, आणि संपलं.

दुसऱ्या गाण्यात दादांनी धृपदाच्या शेवटी एक तान ठेवली. तिला शब्द नव्हते, नुसता आकार, पण खूप वरचा. ती माझ्या वाट्याला होती. मी तिथे पोचेचना. आवाज चिरकायचा. बहिणीने एकदा प्रयत्न केला आणि हसत खाली बसली. दुपार उलटून गेली. दादा हेडफोन काढून टेबलावर ठेवत होते, परत घालत होते.

तेव्हा कोपऱ्यातून वाणगावची म्हणाली, "मी बगू का?"

एका टेकमध्ये झालं. आम्हाला तिचं तोंड दिसत नव्हतं, ती भिंतीकडे वळून गायली होती. दादांनी ती तान पुन्हा एकदा लावून ऐकली आणि म्हणाले, "झालं. घरी जा सगळ्या."

व्हिडिओ बंदरात झाला. तानेच्या वेळी कॅमेरा कोणावर ठेवायचा, हे दादांनी आम्हाला विचारलंसुद्धा नाही. "बोटीवर कोळीण पाहिजे," ते म्हणाले, आणि मला वर चढवलं. वाणगावच्या मुलीला टोपली देऊन मागे उभं केलं. मी तोंड हलवलं. मला वाईट वाटलं असं आज म्हणायला बरं वाटेल. पण त्या दिवशी मला फक्त लुगडं सुटेल याची भीती होती.

गाणं लग्नसराईच्या तोंडावर निघालं. आधी हळदीत वाजायला लागलं, मग वरातीत, मग रिक्षांमध्ये. गाण्यांच्या एका ॲपवर मराठी गाण्यांची रोजची यादी येते. त्या यादीत आमचं गाणं तळाला दिसलं, आणि रोज थोडं थोडं वर सरकायला लागलं. मी सकाळी डोळे उघडले की आधी यादी बघायचे. आईला सांगायचे. ती मासे टोपलीत भरत ऐकायची.

"वर गेला म्हंजे कोन नेतो वर?" तिने एकदा विचारलं.

"लोक ऐकतात, म्हणून जातं."

"नि मंग खाली कोन आनतो?"

"तेच लोक."

"मंग कशाला बगते रोज?" ती म्हणाली आणि टोपली उचलून बस पकडायला गेली.

गाणं तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं. तिथे आठवडाभर राहिलं आणि आलं तसं खाली गेलं. त्या आठवड्यात कॉलेजच्या प्राचार्यांनी आम्हाला गुलाबाची फुलं दिली. बाजारात आईच्या पाटीपुढे बायका उभ्या राहून म्हणायच्या, तुझी पोर ना ती. आई म्हणायची, हो, पापलेट घ्या.

पुढे कार्यक्रम सुरू झाले. डहाणूपासून वसईपर्यंत हळदी, साखरपुडे, दुकानांची उद्घाटनं. रेकॉर्डिंग लावायचं आणि त्यावर नुसते हात हलवायचे. कधी एका दिवसात दोन गावं. टेम्पोत बसून लुगडी सावरायची, मेकअप उतरायच्या आत पुढच्या मांडवात शिरायचं, आणि तेच गाणं चार-चार वेळा. ते गाणं सुरू झालं की मी किती कडवी उरली ते मोजायचे. त्या वर्षी मी दोन विषयांत नापास झाले.

त्यातच एका केबल चॅनलने आमची मुलाखत घेतली. पालघरच्या एका हॉलमध्ये आम्हाला तीन खुर्च्यांवर बसवलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "ती वरची तान आहे ना, ती तिघींपैकी कोण घेतं?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "आम्ही तिघी मिळूनच गातो सगळं."

बहिणीने मान हलवली. वाणगावची माझ्या डाव्या हाताला बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

तिसरं आणि चौथं गाणं सहा महिन्यांच्या अंतराने आलं. दोन्हींत दादांनी तशीच तान ठेवली होती. लोकांनी लिहिलं, हे तर तेच आहे. यादीत दोन्ही कुठेच आली नाहीत. वसतिगृहाची मुदत संपली तशी वाणगावची गावी गेली. आधी तिने दोन कार्यक्रमांना येत नाही म्हणून कळवलं, मग तिचा नंबर लागेनासा झाला. बहिणीचं लग्न होऊन ती माहीमला गेली. दादांनी नवे कोणी शोधले. भांडण नाही, निरोप नाही. मी कारखान्यात लागले आणि बरं वाटलं, कारण तिथे कोणी गायला सांगत नव्हतं.

पण बिहारच्या मुलीने ते गाणं दाखवल्यावर मला स्वस्थ बसवेना. निदान व्हिडिओच्या खाली तान घेणारीचं नाव तरी खरं लिहिलेलं असावं. मी बोईसरला गेले. स्टुडिओच्या जागी शिकवणीचा वर्ग होता, भिंतींवर फोमचे डाग तेवढे राहिलेले. दादांचा नंबर खालच्या दुकानदाराकडून मिळाला. ते आता विरारला असतात.

"चॅनल मी केव्हाच एका कंपनीला दिलं," ते म्हणाले. "मला त्यातलं काही बदलता येत नाही. आणि एवढ्या वर्षांनी काय करायचंय त्याचं?"

कंपनीला मी तीनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. शेवटी गाण्याखाली मी स्वतःच लिहिलं की ही तान माझी नाही, मागे टोपली घेऊन उभ्या असलेल्या मुलीची आहे. दोन दिवसांनी कोणीतरी खाली लिहिलं, मग तू कशाला तोंड हलवतेस. मी मोबाईल पालथा ठेवला.

एका रविवारी मी वाणगावला उतरले आणि रिक्षाने पाड्यावर गेले. पत्ता जुन्या हॉस्टेलमधल्या एकीने सांगितला होता. वाणगावची ती अंगणात बसून मिरच्या निवडत होती. वाणगावला मिरची खूप होते. तोडायला, निवडायला बायका लागतात. बाजूला तिची तीन-चार वर्षांची मुलगी खेळत होती.

"तू?" ती म्हणाली. "वाट चुकली का?"

"तुलाच भेटायला आले."

तिने पोतं झटकून मला बसायला दिलं. कोरा चहा केला. मी मिरच्या निवडू लागले, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. मग मी म्हटलं, "त्या मुलाखतीत मी खोटं बोलले. तान तुझी होती. मी तुझं नाव सांगायला पाहिजे होतं."

"कोनती मुलाखत?"

मी आठवण करून दिली. हॉल, तीन खुर्च्या, त्या बाई.

"हां, ती," ती म्हणाली. "थंडी वाजत होती तिथं, ते आटवतं."

"म्हणजे त्यामुळे नाही सोडलंस?"

तिने सडकी मिरची बाजूला टाकली. मग म्हणाली, "तू मला बोलायला शिकवायची ना. हाय नको बोलू, आहे बोल. नाय नको, नाही बोल. लोक हसतील बोलायची."

मला ते आठवत नव्हतं. मग आठवलं. पहिल्या गाण्याचा दुसरा रविवार. वीसदा ओळ थांबवली होती, ती दादांनी नाही, मी.

"मंग मला शब्दाची भीती बसली," ती म्हणाली. "दर टायमाला तोंड सांबाळून गायचा. त्या तानेत शब्दच नव्हता. म्हनून ती आली."

"तू रागावली होतीस?"

"राग नाय. कंटाळा आला."

आमच्या घरीही हाय आणि नायच बोलतात. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात मी 'आमी' म्हटलं तेव्हा मागच्या बाकावर हसू झालं होतं. मी महिनाभर घरी आरशासमोर 'आम्ही' म्हणायला शिकत होते. हे सगळं मी तिला सांगायला लागले आणि मध्येच थांबले. त्याने तिचं काय हलकं होणार होतं? मी एवढंच म्हटलं, "माझं चुकलं."

"असू दे," ती म्हणाली. "चा घे, थंड होते."

ती अजून गाते का, हे मी विचारलं. लावणीच्या वेळी शेतात बायका गातात तेव्हा गाते, म्हणाली. तिथे कोणी थांबवत नाही, हे ती बोलली नाही, मला तसं ऐकू आलं. परतताना गाडीत माझ्या हातांची मिरचीने इतकी आग होत होती की डोळे पुसायचीही सोय नव्हती.

पुढे मी आणखी एकदा गेले. गाण्याचा विषय निघाला नाही. मुलीच्या शाळेचं बोलणं झालं, माझ्या पायांचं झालं. तिने गुडघ्याला लावायला एक पाला सांगितला. दिवाळीनंतर पुन्हा गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारच्या म्हातारीने सांगितलं, भट्टीवर गेलीत सगळी, होळीला येतील. मुलीसाठी घेतलेला फ्रॉक मी म्हातारीकडे ठेवला. तिने घडी उलगडून बघितला आणि म्हणाली, मोठा होईल जरा. मी म्हटलं, होळीपर्यंत होईल बरोबर. दुपारपाळी होती, म्हणून मी थांबले नाही.