सूचनापेटीतली कात्री

कात्रीमावशीचा हात आधी डोक्यावर यायचा, नाव ती मग विचारायची. ओतूरजवळच्या आमच्या मुलींच्या बालगृहात जी कुणी नवी मुलगी दाखल होई, तिच्या केसांत मावशीची पाची बोटं शिरायची, दोनदा फिरायची आणि निकाल लागायचा. निकाल ठरलेला असे. उवा असोत नसोत, केस कानाच्या वर. तिचं खरं नाव हजेरीपटावर असेलही. आम्हाला ते कधी लागलं नाही.

मी डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. वडील वारले, आईनं दुसरं घर केलं, आणि अकराव्या वर्षी मामानं मला एसटीनं इथं आणून सोडलं. माझी कमरेपर्यंतची वेणी फरशीवर पडली तेव्हा मावशी म्हणाली, "शेपटी बिबट्याला शोभती. पोरीला डोकं हलकं पायजे." शेजारच्या उसात बिबट्याची ये-जा रोजचीच, त्यामुळे सगळ्या हसल्या. मी पुढे तीन महिने कुणाशी धड बोलले नाही.

बाई दुष्ट नव्हती, हे इथंच सांगून टाकते. तापात कपाळावर घड्या ठेवायला तीच बसायची. कोणाला वांगं चालत नाही, कोण पावसाळ्यात दम्यानं हैराण होते, सगळं तिच्या ध्यानात. केस कापायचा नियम अधीक्षकबाईंचा होता आणि मावशी तो चोख पाळायची, इतकंच. पण कात्री तिच्या हातात असल्यामुळे आमचा सगळा राग तिच्यावर.

पडवीत एक लाल सूचनापेटी होती. मुलींनी आपलं म्हणणं लिहून तीत टाकावं, असा कायदाच आहे म्हणे. मुलींची एक समितीही होती. दर महिन्याला आम्ही तिच्या वहीत सह्या करायचो; सभेत काय ठरलं ते अधीक्षकबाईंनी आधीच लिहून ठेवलेलं असायचं. पेटीत तर कधी कुणी काही टाकलं नाही, म्हणून फिरत फिरत तिची किल्ली मावशीकडे आली. मावशीला रिकामी जागा बघवत नसे. तिनं पेटीत आपली कात्री, दोन फण्या आणि करंजाच्या तेलाची बाटली ठेवायला सुरुवात केली. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मी तेरा वर्षांची असताना मामाचा निरोप आला, की दिवाळीनंतर माझ्या धाकट्या बहिणीलाही, सोनीला, इथंच आणायचं. सोनी सात वर्षांची. आई दुसऱ्या घरी गेल्यापासून ती स्वतःची वेणी मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे. ती वेणी दाखल व्हायच्या दिवशीच जाणार, हे डोळ्यांपुढे आलं. वहीचं पान फाडून मी लिहिलं, "केस कापण्याआधी आम्हाला विचारावे." नाव घातलं नाही. चिठ्ठी पेटीत टाकली. ती बरोबर कात्रीवर पडणार हे मला ठाऊक होतं.

मावशी तिसरीपर्यंत शिकलेली. रविवारी, म्हणजे वाढलेले केस पुन्हा कापायच्या दिवशी, पेटी उघडून तिनं एकेका अक्षराखालून बोट फिरवत चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, आणि घडी करून कनवटीला लावली. त्या रविवारी कुणाचेच केस कापले गेले नाहीत. दोन दिवस मात्र ती अशी रुसली, की ताटात भाकरी पडायची तिचा आवाज अंगणात जायचा.

तिसऱ्या दिवशी तिनं पेटीतलं सामान एका डब्यात भरलं आणि किल्ली आणून सुमनपुढे ठेवली. सुमन आमच्या समितीची अध्यक्ष, नावापुरती का होईना. मावशी म्हणाली, "ही पेटी तुमची व्हती, मी बळकावली. चिठ्ठी कुणाची त्ये मला नगं सांगू. पण वहीत लिव्हा." आणि त्या दिवशी समितीच्या वहीत पहिल्यांदा आमच्या हातचं काहीतरी उतरलं.

महिनाअखेर संस्थेची बैठक होती. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. चिठ्ठी माझी हे मी सुमनला सांगून टाकलं होतं, म्हणून त्यांच्यापुढे आम्हा दोघींना उभं केलं. अधीक्षकबाईंचं म्हणणं, हा स्वच्छतेचा प्रश्न आहे, यात मुलींना काय विचारायचं? सुमननं वही वाचून दाखवली. मी सोनीच्या मुठीबद्दल सांगितलं. मास्तरांनी मग खरी गोष्ट विचारली, उवांचं काय करणार? आमचं ठरलेलं होतं. रविवारी सगळ्यांनी पायऱ्यांवर ओळीनं बसायचं, थोरलीनं धाकटीचं डोकं विंचरायचं, आणि शेवटी मावशीनं तपासायचं. मास्तरांनी दाराशी उभ्या असलेल्या मावशीकडे पाहिलं. आता सगळं तिच्या एका शब्दावर होतं. ती नाही म्हणाली असती तर विषय तिथंच मिटला असता.

मावशीनं पदर खोचला. "सायेब, इतकी वर्सं मी कापती, येकीलाबी इचारलं न्हाई. मला तरी कुनी इचारलं व्हतं? उवा चार रविवारात जात्यात. ही पोरगी केस कापल्यावर तीन म्हैने मुकी व्हती, त्ये मी बघितलंय. आता तपासायचं काम माझ्याकडं द्या."

तिनं ते तीन महिने मोजले होते, हे मला तेव्हा कळलं.

विचारल्याशिवाय कुणाचे केस कापायचे नाहीत, असा ठराव झाला. अधीक्षकबाईंनी तो आपल्या सुंदर अक्षरात वहीत लिहिला, हा त्यांचा मोठेपणा. आम्ही मात्र बाहेर येऊन निवडणूक जिंकल्यासारखा गोंधळ घातला आणि मावशीला मध्ये धरून गरगर फिरवली. ती शिव्या घालत होती आणि हसत होती.

सोनी आली तेव्हा मी फाटकातच उभी होते. मावशीचा हात सवयीनं तिच्या डोक्याकडे गेला आणि अध्येच थांबला. तिनं आधी नाव विचारलं. मग विचारलं, "केस ठिवायचं का कापायचं?" सोनीला आजवर कुणी काही विचारलेलंच नव्हतं. तिनं वेणी मुठीत धरली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ठिवायचं." तिच्या डोक्यातल्या उवा मात्र जात नव्हत्या. मावशी चार नाही, सहा रविवार तेल आणि फणी घेऊन बसली.

गंमत पुढेच आहे. पाठोपाठ मावशीनं सुमनला तोच प्रश्न केला, तर सुमन म्हणाली, "कापा. मला कबड्डीत आड येतात." मावशी कपाळाला हात लावून म्हणाली, "येवढं भांडून आता ही कापा म्हनती!" पण कापले, आणि सुमननं दाखवले तेवढेच.

आता मी दुसऱ्या एका बालगृहात गृहमाता आहे, सोनी नर्स झाली आहे. मावशी घोडेगावाजवळ लेकाकडे असते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी भेटायला गेलो, तर म्हातारी ओट्यावर बसलेली, एक हात प्लास्टरमध्ये आणि दुसरा डोक्यावर घट्ट. सून समोर कात्री घेऊन उभी. एका हातानं अंबाडा घालता येत नाही, कापून टाकू म्हटलं तर तीन दिवस ऐकत नाहीत, तुम्हीच समजवा, असं तिचं गाऱ्हाणं. कात्री मी ओळखली.

मावशी फुरंगटून म्हणाली, "ही कात्री घिऊन आली. इचारलं न्हाई."

सून हसली. कात्री खाली ठेवून शेजारी बसली आणि म्हणाली, "बरं आत्याबाई, केस कापू का ठिवू?"

मावशीनं एकदा खाली ठेवलेल्या कात्रीकडे पाहिलं. मग डोक्यावरचा हात काढला. "काप. लई गरमतंय. पन तू न्हाई, हिला दे कात्री." तिनं माझ्याकडे बोट केलं.

सोनीनं पाठीमागे बसून तिचे पांढरे केस मोकळे केले. माझे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. कुठवर, असं मी विचारलं. तिनं कानाखाली बोट ठेवलं. "हितवर. जास्त न्हाई."

मी बरोबर तिथवरच कापले.