‘महिला’ लिहिलेलं दार

कामाच्या ठिकाणी बायकांना बरोबरीनं वागवतात की नाही हे पाहणं, हे आमच्या ऑफिसचं काम. भंडारा जिल्ह्यात कुठे चार बाया कामाला लागल्या की आमची जीप तपासणीला जायची. जीपमध्ये मात्र कधी बाई बसली नाही. ऑफिसात बायका आम्ही दोघीच, एक मी आणि एक शिपाईबाई. ती चहा करायची, मी अहवाल लिहायचे.

पद्धत अशी होती. साहेब आणि माझ्या शेजारच्या टेबलाचे सहायक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, दौऱ्यावर जायचे. संध्याकाळी भाऊ उभ्याउभ्याच सांगायचे, “सगळं बराबर आहे, लिहून टाका.” आणि मी लिहून टाकायचे. “सर्व महिला कामगार समाधानी आहेत” हे वाक्य तर हात आपोआप लिहायचा. खाली तपासणी करणारे म्हणून साहेबांची सही आणि ‘अहवाल लेखन’ या रकान्यात माझी. माझ्या भाषेचं साहेब कौतुक करायचे. एका पाहणीचा अहवाल तर त्यांनी बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवला होता, आणि मी मूर्खासारखी खूश झाले होते.

मला निरीक्षक व्हायचं होतं. बारा वर्षं एकाच खुर्चीत काढल्यावर माणसाला दुसरी खुर्ची दिसायला लागते. निरीक्षकाची एक जागा रिकामी होणार होती आणि अट एकच, नावावर दौरे पाहिजेत. माझ्या नावावर भोपळा. दरवेळी दौऱ्याची यादी निघाली की मी आत जाऊन विचारायचे, “साहेब, माझं नाव काहून नाही जी?” साहेब मोठे सभ्य. म्हणायचे, “तुम्ही कायले उन्हातान्हात फिरता मॅडम? आम्ही घरच्या बाईमाणसाले असं पाठवत नाही.” मी त्यांच्या घरची नव्हते, सरकारी नोकर होते. पण मान देणाऱ्याशी भांडायचं कसं? समानता सप्ताहातही मान माझाच होता. दारात तराजूची रांगोळी काढली, दोन्ही पारडी सारखी यायला तासभर गेला. प्रमुख पाहुणे तिच्यावरून चालत आत गेले आणि मी त्यांना ओवाळलं.

मग एकदा भाऊंच्या सासऱ्याची तेरवी आली, साहेबांना नागपूरला बैठक लागली, आणि सानगडीकडच्या एका राईस मिलची तपासणी त्याच आठवड्यात पाहिजे होती. जीप होती, ड्रायव्हर होता, माणूस नव्हता. नाइलाजानं साहेब म्हणाले, “या मॅडम जाऊन. पण पाचच्या आत परत.” मी सकाळी कारध्याच्या घरून डबा घेऊन निघाले तेव्हा नवऱ्यानं विचारलं, लग्नाला चालली का. नवं लुगडं नेसले होते, खोटं कशाला सांगू?

मिलच्या मॅनेजरनं खुर्ची झटकली, चहा मागवला, आणि “सगळं बराबर आहे मॅडम” म्हणून सांगितलं. फाईलमध्ये मागच्या वर्षीचा अहवाल होता, माझ्याच हातचा. त्यात लिहिलं होतं, महिलांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे. ते तपासायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. भंडाऱ्याहून इतक्या दूर जीपमध्ये हादरत आले होते, मला खरंच जायचं होतं. मी तसं म्हणाले तर मॅनेजरचा चेहरा उतरला.

आवारात एका कोपऱ्यात दार होतं, त्यावर निळ्या रंगात ‘महिला’ लिहिलेलं, आणि दाराला कुलूप. किल्ली शोधायला अर्धा तास गेला. शेवटी हमालानं आणून दार उघडलं. आत खालपासून छतापर्यंत रिकामी पोती रचून ठेवली होती.

मॅनेजर म्हणाला, “साहेब लोक दरसाली येते मॅडम, पण त्यायनं कधी उघडायले नाही सांगतलं.” कसे सांगतील? बायकांच्या संडासाचं दार पुरुषानं उघडायचं म्हणजे काय? दारावरचं ‘महिला’ वाचायचं, मान खाली घालायची आणि कागदावर ‘आहे’ लिहवून घ्यायचं. असे सभ्य अधिकारी या जिल्ह्याला लाभले, हे बायकांचं नशीब.

उन्हात धान पसरवणाऱ्या बाया हे सगळं पाहून हसत होत्या. त्यातली सगळ्यात वयस्कर पुढे आली. “चला बाई, पारीच्या मांगं. आमी तिकडंच जातो.” मिलजवळच्या तलावाच्या पारीमागे, म्हणजे बांधाआड, मी गेले. रस्त्यावरून कोणी येते का म्हणून दोघी जणी पहाऱ्याला उभ्या राहिल्या. परत येताना ती म्हणाली, “आमी सकाऊन पाणीच पेत नाई. पेलं का मंग यावं लागते.” बाजूला एक पोटुशी पोरगी होती, तिलाही हाच नेम. मला लाज वाटली, पण खरी लाज पुढे होती.

“तुमच्या कागदावर आमचं काय लिवलं रायते वो?” म्हातारीनं विचारलं. मी फाईल उघडून वाचलं. आहे, स्वच्छ आहे, समाधानी आहेत.

“कोणं लिवलं हे?”

“मी.”

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. “तुमी?” म्हणाली, “तुमी त आजच आल्या.”

दुसऱ्या दिवशी मी खरं लिहिलं. साहेबांनी वाचलं, दार लावलं, आणि समजावलं. सहा वर्षं त्या मिलमध्ये स्वच्छतागृह आहे असं मीच लिहिलंय, आता नाही लिहिलं तर खोटी मीच ठरते. म्हणाले, मागचाच अहवाल उतरवून काढा, निरीक्षकाची जागा तुमचीच. नाहीतर नोटीस, आणि नोटीस असलेल्याला बढती मिळत नाही. भाऊंचं काय? भाऊंनी सहा वर्षांत एक ओळ लिहिली नव्हती, त्यांचे हात धुतल्यासारखे स्वच्छ.

मी रात्रभर तळमळले वगैरे नाही. मला राग आला होता, साहेबांचा कमी आणि माझ्या त्या सुंदर अक्षराचा जास्त. मी म्हणाले, “साहेब, हा अहवाल असाच जाईल.” ती जागा भाऊंना मिळाली, हे आत्ताच सांगून टाकते.

साहेबांनी सुस्कारा टाकला. “मग नोटीस काढावी लागते मॅडम. मसुदा करून आणा. या ऑफिसात तुमच्याशिवाय धड कोणाले जमते?”

म्हणजे माझ्यावरची नोटीस मीच लिहायची. लिहिली. न पाहता खोटी माहिती लिहिल्याबद्दल खुलासा मागितला, मुदत सात दिवसांची दिली, भाषा कडक ठेवली. आणि खाली एक परिच्छेद जोडला. “सदर कर्मचाऱ्यास या सहा वर्षांत एकदाही पाहणीस नेण्यात आले नव्हते. सर्व पाहण्या खाली सही करणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः केल्या असून, त्याने दार कधीही उघडून पाहिले नाही.”

साहेब फोनवर होते. त्यांनी नेहमीसारखी न वाचता सही केली. मी जावक क्रमांक टाकला, एक प्रत स्वतःला घेतली आणि एक नागपूरच्या वरिष्ठ ऑफिसला पाठवली.