पडतानाचा आवाज

माझं काम काचेच्या अलीकडे बसायचं. पलीकडे माणूस माइकसमोर बोलतो, मी अलीकडे रेकॉर्ड करतो आणि बटण दाबून सांगतो, "पुन्हा एकदा." तीस वर्षं हेच केलं. या धंद्यात खोटं बोलायची सोयच नाही, मशीन लगेच चहाडी करतं. तरी मी एकदा खोटं बोललो. आणि बोललो तेही कुणाशी, तर ताईंशी.

ताई म्हणजे आमच्या स्टुडिओतला ठिणग्या. एका जपानी ॲनिमे मालिकेतला हा तांबड्या केसांचा बारा वर्षांचा कार्टा, दर भागात कुणाची ना कुणाची कळ काढणारा. आपल्या भाषेत त्याला आवाज ताईंचा. सकाळी त्या एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायच्या आणि दोनच्या ठोक्याला आमच्याकडे यायच्या. चपला बाहेर, घड्याळ काढून माझ्या टेबलावर, आणि पोटाशी एक जुनी उशी घट्ट धरलेली. म्हणायच्या, "नरड्यातून ओरडलं की दोन दिवसांत बसतो बघ आवाज. पोटातून काढायचा." उशी कशाला, तर पोटाला आठवण राहावी म्हणून.

आणि प्रश्न किती! नुसतं "आई गं" म्हणायचं असलं तरी विचारणार, "अरे, पण याला मारलंय कुणी? शत्रूने की मित्राने? मित्राने मारलं की वेगळं दुखतं." मी वैतागायचो. ताई, एका "आई गं"ला किती वेळ घालवायचा! पण त्यांनी काढलेला आवाज ऐकला की गप्प बसायचो.

अकरा वर्षं हे चाललं, मग मालिका संपली. दर भागाच्या शेवटी नावं इतकी भराभर पळायची की ताईंचं नाव कुणी वाचलंच नाही. सहा वर्षांनी मालिका पुन्हा दाखवायला लागले आणि ताईंची नऊ वर्षांची नात तिच्या नादी लागली. ताई म्हणाल्या, "अगं, तो ठिणग्या मीच." नात म्हणाली, "आजी, काहीही हं!" तेव्हा ताईंनी जेवता जेवता ठिणग्याची आरोळी मारून दाखवली. पोरगी गुणी हो. ती हसली नाही. म्हणाली, "थोडासा तसाच आहे."

ते "थोडासा" ताईंना फार लागलं. दोनदा मला सांगितलं त्यांनी.

आणि नेमका तेव्हा गेम आला. हातात धरून खेळायचा, तळहातापेक्षा जरा मोठा, त्यावर ठिणग्याच्या मारामाऱ्या. कंपनीला आपल्या भाषेत आवाज हवे होते. ताई अठ्ठावन्न वर्षांच्या, पण फोनवर अशा हरखल्या की विचारू नका. "टीव्ही बंद झाला की मी गेले रे. हे पोरांच्या हातात राहील. माझ्या पोरीच्या पोरीला कळेल तरी."

यादीत दोनशे चौदा आवाज होते. उडी मारतानाचा, ठोसा देतानाचा, ठोसा खातानाचा, जिंकल्यावरचा. बोलणं एकही नाही, सगळी हाणामारी. पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी आवाज फाटायला लागला. आम्हाला हवा होता पोरगा, ऐकू येत होता पोराचा काका. माझ्या शेजारी कंपनीचा माणूस बसला होता. त्याने नुसती मान हलवली. मला म्हणाला, "बाईंना आत्ता काही बोलू नका, उगाच रडारड नको. आपण दुसरी मुलगी बघू."

तेवढ्यात पलीकडून ताईंनी विचारलं. काचेतून सरळ माझ्याकडे बघत विचारलं. "जमतंय ना रे? खरं सांग. नसेल जमत तर मी उशी घेऊन घरी जाते. रागावणार नाही."

मी बटण दाबलं आणि म्हणालो, "एक नंबर, ताई!"

जीभ झडली नाही माझी. पुढचा दीड दिवस त्या बाईने घसा खरवडून सगळे आवाज दिले, आणि मी प्रत्येकाला "वा, वा" म्हणत बसलो. शेवटचा आवाज राहिला होता, ठिणग्या हरून गुडघ्यावर पडतो तो. ताईंनी विचारलं, "कुणी पाडलंय?" मला घरी जायची घाई. म्हटलं, "मित्राने पाडलंय असं धरा." त्यांनी डोळे मिटले, उशी सोडून दिली आणि एक श्वास सोडला. बस, तेवढाच.

पुढच्या आठवड्यात एक बावीस वर्षांची मुलगी आली. आवाज खणखणीत, पण ठिणग्या तिने कधी बघितलेला नाही. मग मी काय केलं? ताईंचा एकेक आवाज तिच्या कानात घातला आणि म्हटलं, "हुबेहूब असा काढ." दोनशे तेरा तिने उचलले. पडतानाचा काही तिला येईना. वीस वेळा केला, दर वेळी खोकल्यासारखा. शेवटी मी ताईंचाच ठेवून दिला. कंपनीच्या माणसाला पत्ताही लागला नाही. आणि मी मनाची समजूत घातली की ताई गेममध्ये आहेत, खोटं थोडंच आहे! असा हलकट माणूस मी.

रोज ठरवायचो, आज फोन करून सांगू. केला नाही. शेवटी फोन त्यांचाच आला. "गेम आणलाय. रविवारी चारला ये. पहिला डाव तुझ्यासमोर."

खोलीत ताईंची लेक, जावई, ते शिंपी आणि मधोमध गेम घेऊन नात. आवाज मोठा केलेला. ठिणग्याने पहिली आरोळी ठोकली आणि नात उठूनच उभी राहिली. "आजी! तूच गं! अगदी तूच!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी मान कलती केली, स्टुडिओत करायच्या तशी. दुसरी आरोळी. तिसरी. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी शिवणयंत्राच्या पायडलकडे बघत बसलो. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

"ताई, वय कुठे लपवलंत?" शिंपी म्हणाले.

"पोटाशी उशी होती ना," ताई म्हणाल्या. सगळे हसले.

तेवढ्यात ठिणग्या हरला आणि गुडघ्यावर पडला. तो श्वास आला. ताईंच्या हातातला कप तसाच राहिला.

"हे पुन्हा लाव गं."

"अगं आजी, त्यात तो हरलाय!"

"असू दे. पुन्हा हरव त्याला."

कप उचलायच्या निमित्ताने मी त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेलो. "ताई, मी..." त्यांनी नळ सोडला होता.

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"आता पोरीला काही बोलू नकोस. ती वर्गात सांगणार आहे सगळ्यांना." मग कप विसळता विसळता म्हणाल्या, "त्या पोरीशी मी कधी खोटं बोलले नव्हते रे."

मला वाटलं होतं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अजून जातो मी त्यांच्याकडे. त्या बोलावतात, आणि नाही म्हणायला तोंड कुठे आहे मला? मागच्या रविवारी गेलो तेव्हा ताई चष्मा लावून गेम घेऊन बसल्या होत्या. अंगठे बटणांपासून लांब. ठिणग्या नुसता उभा होता, समोरचा त्याला बदडत होता. तो पडला. ताईंनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा पडला.

"काका, तुम्ही तरी सांगा ना आजीला," नात म्हणाली. "बटण दाबायचं असतं! ही नुसता मार खाऊ देते त्याला. महिना झाला, एकदासुद्धा जिंकली नाहीये."

"मला नाही बाई जमत," ताई म्हणाल्या.

लेक हसली, जावई हसले. मीही हसलो.