माडाच्या पानाखालची पांढरी वलयं

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत माडाखाली वाळत घातलेले कपडे चिकट होऊ लागले आणि झावळ्यांवर काजळी धरली. कीटकशास्त्र शिकवणारी माझी बहीण घरी आली, तेव्हा तिने गळून पडलेली एक झावळी उलटून दाखवली. पानांखाली मेणासारखी पांढरी वलयं होती.

"ही पांढरी माशी. नावालाच माशी, खरं तर मावा किडीच्या नात्यातली, रस शोषणारी. तिच्या अंगातून चिकट पाणी गळतं आणि त्यावर ही काळी बुरशी वाढते. मूळची मध्य अमेरिकेतली. केरळातून वर सरकत आलीय."

"फक्त माडावरच असते?"

"केळी, पेरू, सीताफळ, काहीही चालतं तिला."

मी खिडकीबाहेरच्या पेरूचं पान उलटून पाहिलं. तिथंही वलयं होती.

त्याच संध्याकाळी मालवणहून काकीचा फोन आला. "आमच्या माडांची पानां काळी कित्याक पडतत गो?"

मी फोन बहिणीच्या हातात दिला. "काकी, एक झावळी उलटून बघ," ती म्हणाली, "पानांखाली पांढरी वलयं आहेत का?"